सरकारला लावलेला कौल

‘धरणी’ यंत्रणा तांत्रिक सुधारणांसाठी तूर्त बंद आहे, असं सरकार आजही सांगतं. नेरवळ्यात जाऊन विचाराल तर वेगळंच ऐकायला मिळेल. तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की धरणी बंद पाडली ती भालू राऊळांनी, आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून, समोर उकड्या तांदळाची पेज निवत असताना. खरं काय ते एकाच माणसाला नक्की ठाऊक आहे. ती म्हणजे भालूकाकांची पुतणी ऋतुजा. पण ती काही सांगत नाही. तिला बोलण्याचा वीट आलाय आणि ऐकण्याचा त्याहून जास्त.

त्या काळात ऋतुजा राऊळ मुंबईला गृहखात्यात अधिकारी होती. तिच्या कक्षाचं नाव ‘कंपन कक्ष’. नाव ऐकून तिच्या सोसायटीतल्या बायकांना वाटे, ही भूकंपाच्या ऑफिसात आहे. तिनेही तो समज कधी दूर केला नाही.

तसं पाहिलं तर सुरुवात भूकंपापासूनच झाली होती. इंटरनेटची केबल म्हणजे आत केसाएवढी काच, आणि त्या काचेतून धावणारा प्रकाश. काच कितीही शुद्ध म्हटली तरी तिच्या पोटात बारीक बारीक खोट असतेच. त्या खोटीवर आपटून प्रकाशाचा कणभर भाग उलटा फिरतो. केबल जिथे हलली, जिथे किंचित ताणली गेली, तिथून परतणाऱ्या प्रकाशाची लय चुकते. परतायला वेळ किती लागला त्यावरून जागा कळते, आणि लय किती चुकली त्यावरून धक्का कळतो. म्हणजे गावोगावी पुरून ठेवलेली केबल ही नुसती केबल नाही. जमिनीत ओळीने पुरलेले कानच म्हणा ना! शास्त्रज्ञांनी तिचा उपयोग कोकणातल्या दरडी ऐकायला केला. डोंगर सुटण्याआधी कण्हतो, ते कण्हणं केबलला ऐकू यायचं. यंत्रणेचं नाव ठेवलं धरणी. पहिल्या दोन पावसाळ्यांत वाड्याच्या वाड्या वेळेत हलवल्या गेल्या आणि लोकांनी सरकारला दुवा दिला.

मग ‘घरोघरी तंतू’ योजना आली. प्रत्येक घराच्या, शाळेच्या, देवळाच्या भिंतीवर एक पांढरी डबी बसली. आणि कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं, की माणूस बोलतो तेव्हा भिंतही थरथरते. तबल्याच्या पुडीसारखी नाही, पण थरथरते. ते थरथरणं केबल टिपते, आणि त्यातून शब्द गाळून काढायला आता संगणक शिकला आहे. डोंगर ऐकायला बसवलेला कान असा हळूच घराकडे वळला.

“पण सर, याला आदेश लागेल ना?” नव्यानेच रुजू झालेल्या ऋतुजाने सहसचिव पेंढारकरांना विचारलं होतं. “साधा फोन ऐकायचा तरी गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. कारण द्यावं लागतं, मुदत घालावी लागते, आणि वर समिती तपासते.”

पेंढारकर हे गोड माणूस. चिडले तरी आवाज साखरेत घोळवून काढत.

“ऋतुजाताई, कायदा कशाबद्दल आहे? निरोपाबद्दल. एकाने दुसऱ्याला पाठवलेला निरोप वाटेत अडवला, तर आदेश. बरोबर? आता माणूस आपल्या घरात बायकोवर खेकसला, हा निरोप झाला का? कुठल्या तारेतून गेला? गेलाच नाही. भिंत हलली. आपण भिंत ऐकतो. भिंतीला कुठला आलाय मूलभूत हक्क?”

“पण भिंतीआड माणूस आहे ना सर.”

“असेल बुवा. आपण त्याला कुठे ओळखतो?” म्हणून त्यांनी चहा मागवला. विषय संपला.

ऋतुजाने पुढे तो काढलाही नाही. नोकरी चांगली होती, काम बसून करायचं होतं. राज्यभरातल्या भिंतींतून संगणकाला काही संशयास्पद सापडलं की तो लाल खूण करी, आणि ती खूण खरी की फुसकी ते ऋतुजाने सांगायचं. बहुतेक फुसक्याच निघत.

एक दिवस लाल खूण आली ती थेट नेरवळ्याची. तिचं गाव! ‘मोठा जमाव. एक पुढारी एकेक वाक्य म्हणतो, जमाव एका सुरात शपथ घेतो. महाराज नावाच्या अज्ञात व्यक्तीला उद्देशून.’ खाली संगणकाने टिपलेला मजकूर होता. ऋतुजाने आवाज लावला आणि खुर्चीत मागे रेलून खदाखदा हसली.

“बा देवा म्हाराजा! आज हय जमलेली ही तुझी लेकरां...”

“होय म्हाराजा!”

“कोणाची गुरां, कोणाची पोरां, कोणाची मुंबैक गेलेली माणसां, सगळ्यांका सुखरूप ठेव रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

तो आवाज भालूकाकांचा होता. सातेरीच्या देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. आयुष्यभर कुडाळच्या कोर्टात बेलीफ म्हणून समन्स बजावत फिरल्यामुळे गळा असा कमावलेला, की त्यांना कधी माईक लागला नाही.

पेंढारकरांना मात्र हसू आलं नाही. “हा महाराज कोण?”

“देव आहे सर.”

“ते झालं. पण राहतो कुठे?”

ऋतुजाने त्यांना गाऱ्हाणं समजावून सांगितलं, कौलही समजावला. देवाच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि आधी कुठली पडते ते बघायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पेंढारकरांनी मान डोलावली आणि म्हणाले, “चांगली पद्धत आहे. समितीपेक्षा लवकर निकाल.” पण नेरवळ्यावरची खूण त्यांनी काढली नाही. “राहू दे. जमाव तो जमाव.”

झालं. ऋतुजाला कामाच्या वेळात रोज माहेर ऐकायला मिळू लागलं. आई-वडील गेल्यावर तिला वाढवलं ते भालूकाकांनी आणि शेवंतीकाकूने. मुंबईला आल्यापासून फोनवर तेच ते चालायचं, बरा आसंय, पाऊस आसा, जेवलंस काय. आता मात्र अख्खं घर कानात. काकूने विळी ओढल्याचा आवाज, मांजराला घातलेल्या शिव्या, काकांचं पेपर मोठ्याने वाचणं. ऋतुजा डबा खाता खाता ऐके. हे चोरून ऐकणं आहे असं तिला वाटलंच नाही. आपल्याच घरी पडवीत बसल्यासारखं वाटे.

आणि तिथेच ती चुकली.

श्रावणात काका सोमवार धरत. एका सोमवारी काकू विहिरीवर गेली असताना त्यांनी सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, चुलीत भाजली आणि खोबऱ्याबरोबर चावली. काकू परत आली, तिच्या नाकाने सगळं ओळखलं, आणि असं काही तोंड सोडलं की ऋतुजाला मुंबईत ठसका लागला. रविवारी फोनवर बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, “काय रे काका, सोमवारी सुंगटां लागतत कशी?”

मग काका सावकाश म्हणाले, “तुका कोणी सांगल्यान?”

“काकूने. आणि कोण सांगतला?”

“बरा,” काका म्हणाले, आणि फोन ठेवला.

काकूने ही गोष्ट कुणाला सांगणं शक्यच नव्हतं. नवऱ्याचा सोमवार मोडल्याची कथा बाहेर जाऊ देण्यापेक्षा तिने जीभ तोडून घेतली असती. भिंतीवरची डबी ऐकते आणि तिच्या पलीकडे आपली पुतणी बसते, हे काकांनी ताडलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून राऊळांच्या स्वयंपाकघरातलं बोलणं पालटलं. काका एकदम खणखणीत बोलू लागले. शब्द सुटा सुटा, कोर्टात पुकारा करावा तसा. मग हळूहळू गावातल्या साऱ्याच भिंती खणखणीत झाल्या. आणि चतुर्थी जवळ आली तेव्हा राऊळांच्या घरापुढच्या खळ्यात, भिंतीवरच्या पांढऱ्या डबीसमोर, अख्खी वाडी उभी राहिली. डबीला कुणीतरी जास्वंदीचं फूलही वाहिलं.

“बा सरकारा म्हाराजा! तू सगळां ऐकतंस असां आमका कळला!”

“होय म्हाराजा!”

“तर आमच्या साकवाचो मधलो खांब आतून पोकळ झालो हा. पाणी वाढला की तो करकरता. पोरां ह्याच साकवावरसून शाळेत जातत. त्येचा काय ता बघ रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

ऋतुजाला तो साकव पाठ होता. ओढ्यावरचा अरुंद पूल, पलीकडे शाळा आणि देऊळ. काका दिवसातून दोनदा त्यावरून जात. ती पेंढारकरांकडे गेली.

“सर, बांधकाम खात्याला कळवायला हवं.”

“कशाच्या आधारावर?” पेंढारकरांनी प्रेमाने विचारलं. “आपण माणसांचं बोलणं ऐकत नाही. ऐकलंच नाही, तर कळवणार काय?”

“मग जमिनीच्या कंपनांवरून कळलं म्हणू. धरणी त्यासाठीच आहे ना?”

पेंढारकरांनी चष्मा पुसला. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. भिंतीतून शब्द गाळायला संगणकाची इतकी ताकद लागत होती, की डोंगर ऐकण्याचं काम गेल्या हंगामापासून बंदच केलं होतं. धरणीला आता धरणीखेरीज सगळं ऐकू येत होतं.

त्यात सावंतवाडीच्या ॲडव्होकेट फिलोमिना पिंटो यांनी नेरवळ्याच्या गावकऱ्यांच्या वतीने उच्च न्यायालयात अर्ज केला. म्हणणं सरळ होतं. सरकार आदेशाशिवाय घराघरांत ऐकतं, आणि हा अधिकार त्याला कुणी दिला ते त्याने दाखवावं. सरकारचं उत्तर त्याहून सरळ. आम्ही बोलणं ऐकत नाही, जमीन ऐकतो. हे प्रतिज्ञापत्रावर सांगायला अधिकारी हवा होता. पेंढारकरांनी ऋतुजाचं नाव दिलं. “तुमचंच गाव, तुमचाच शब्द. कोण संशय घेणार?”

तिने सही केली. न करण्यासाठी जी हिंमत लागते ती तिच्यात त्या दिवशी नव्हती, इतकंच.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी तिने कानाला यंत्र लावलं. राऊळांच्या घरी सामसूम होती. काकू आठवड्याच्या बाजाराला गेलेली. पाट सरकवल्याचा आवाज झाला, पेजेची वाटी ठेवल्याचा झाला, आणि काका बोलू लागले. पुकारा नव्हे. हळू, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

“म्हाराजा, उद्या कोर्टात तू सांगतलंस की तुका काय ऐकाक येणा नाय. बरा. ह्या मी आता तुका एकट्याक सांगतंय. शेवंतीक म्हायत नाय, वकिलीणबाईक म्हायत नाय. उद्या कोर्ट उघाडला की मी साकवाच्या मधल्या खांबावर जाऊन उभो रवतलंय. पाणी वर इला हा. कोण माका काढूक इलो तर समजतलंय, तू ऐकतंस. कोण नाय इलो तर तू खरो, मी खोटो. उजवो देतंस का डावो, तुझां तू ठरय.”

मग त्यांनी पेज प्यायली. भुरके स्पष्ट ऐकू येत होते.

हा डाव आहे हे ऋतुजाला कळत होतं. पण काका डावासाठी खरोखर उभे राहणाऱ्यांपैकी होते. बेलीफ असताना एका समन्साच्या वेळी घरमालकाने दार लावून घेतलं, तेव्हा हा गृहस्थ भर पावसात त्याच्या सडक्या छपरावर चढून बसला होता. छप्पर पडलं तेव्हाच खाली आला, छपरासकट, आणि पडल्या जागेवरून समन्स वाचून दाखवलं.

तिने काकांना फोन लावला. बंद. काकूला लावला, तोही उचलला जाईना. पोलीस पाटलाला लावावा, तर तो ‘होय म्हाराजा’ म्हणणाऱ्यांत सगळ्यांत पुढे. पहिला प्रश्न विचारणार, तुमका कोणी सांगला. ती पेंढारकरांकडे गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. “मी बघतो. तुम्ही झोपा.”

त्या ‘बघतो’ला धरून ती घरी गेली. इतकी वर्षं सरकारात काढूनही!

सकाळी न्यायालयाच्या पायऱ्या चढताना तिने विचारलं, “सर, बघितलं का?”

“काय?”

“काका. साकव.”

“हां, ते.” पेंढारकरांनी आवाज खाली आणला. “हे पाहा, कुणी गेलं असतं तर तेच त्यांना हवं होतं. म्हातारा उभा राहील घटकाभर, कंटाळेल, घरी जाईल. तुमचा मोबाईल द्या इकडे. आत चालत नाही.”

आतलं दालन गच्च भरलं होतं. न्यायमूर्ती नगरकर बारीक अंगाच्या बाई, डोळे असे की समोरच्याने खोटं बोलायच्या आधीच खजील व्हावं. त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, “धरणीने या पावसाळ्यात दरडीचे इशारे किती दिले?”

वकिलांनी कागद चाळले. “एकही नाही, माय लॉर्ड.”

“दरडी पडल्या नाहीत?”

“पडल्या, माय लॉर्ड.”

“मग ती ऐकत कुणाला होती?” दालनात खसखस पिकली. बाईंनी मान वर केली. “प्रतिज्ञापत्र करणाऱ्या अधिकारी हजर आहेत?”

ऋतुजा उभी राहिली.

“राऊळबाई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या कक्षाला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. शपथेवर आहात, म्हणून एकदाच विचारते. हे खरं आहे?”

होय म्हणायचं होतं. एका शब्दाचा मामला. ऋतुजाने ओठ उघडलेसुद्धा. मग तिला वाटलं, एव्हाना काका उतरले असतील. मग वाटलं, नसतील. मग वाटलं, आपण बोललो तर नोकरी जाईल, खटला होईल, आणि पेंढारकर साखरेत घोळलेल्या आवाजात सांगतील की या बाई स्वतःच्या जबाबदारीवर ऐकत होत्या. पेंढारकर छताकडे बघत होते. सरकारी वकिलांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. न्यायमूर्ती थांबल्या होत्या. पंखा फिरत होता. ऋतुजाच्या डोक्यात एकाच वेळी घराचा हप्ता होता आणि ओढ्याचं गढूळ पाणी, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे दोन्ही बराच वेळ शेजारी शेजारी होते.

“माझे काका साकवावर उभे आहेत,” ती शेवटी म्हणाली. “नेरवळ्याला. खांब पोकळ आहे. त्यांना आधी खाली उतरवा, मग मला काय ते विचारा.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“त्यांनीच.”

“फोनवर?”

“नाही. स्वयंपाकघरात. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी ते फक्त भिंतीला सांगितलं.”

सरकारी वकील खाली बसले. कुणी बसा म्हटलं नव्हतं. न्यायमूर्तींनी निबंधकांना तिथल्या पोलिसांना फोन करायला सांगितलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून खाकरल्याचा आवाज आला. असा खाकरा, की माईक लागू नये.

“त्या पोलिसांक तरास देव नकात. मी हय आसंय.”

भालूकाका उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री, पायांत चपला पुसून घातलेल्या. आदल्या दुपारी पेज संपवून त्यांनी थेट गाडी पकडली होती. साकवावर उभं राहायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांनी रिकाम्या घरात एक थाप मारली होती, जिवंत माणसांपैकी कुणाच्या कानावर न घातलेली, आणि ती थाप सरकारच्या तोंडून, शपथेवर, भर कोर्टात बाहेर पडली होती. बेलिफाने याहून चांगलं समन्स आयुष्यात बजावलं नव्हतं. फिलोमिनाबाईसुद्धा तोंडाचा आ करून बघत राहिल्या.

निकाल नंतर लागला, आणि तो कायद्याची पोरं आता पाठ करतात. न्यायमूर्तींनी लिहिलं, की घरात बोललेला शब्द कुणाला पाठवलेला नसेलही. पण त्याला कान लावणारा बसवला, की त्या क्षणी तो अडवलेला निरोपच होतो. कान लावायचा तर आदेश हवा, कारण हवं, मुदत हवी. सरकारला भिंत ऐकायची असेल तर भिंतीआडच्या माणसाचा हक्क आधी ऐकावा लागेल. साकव मात्र त्याच संध्याकाळी बंद झाला. बांधकाम खात्याचा माणूस खांबावर हातोडा मारून बघायला गेला, आणि हातोडा आत गेला.

हे सगळं पुढचं. त्या दुपारी काका-पुतणी न्यायालयाबाहेरच्या टपरीवर बसली होती. पेंढारकर गाडीत बसून निघून गेले होते, ऋतुजाचा मोबाईल घेऊनच. काकांनी चहा बशीत ओतला.

“काका, माका फसवलंस तू.”

“तुका नाय. सरकाराक.”

“थय मी बसलेली असतंय, ह्या तुका म्हायत होतां.”

“होतां.”

“म्हणजे तुझो भरवसो होतो, मी बोलतलंय म्हणान?”

काकांनी बशीवर फुंकर मारली. “भरवसो असलो तर माणूस कौल लावता कित्याक, बाये?”

टपरीवाल्याने दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आलं ठेचायला घेतलं. काकांनी चहा संपवला, बशी पालथी घातली, आणि तिच्याकडे न बघता, जेवलंस काय असं विचारावं तितक्या सहज विचारलं,

“पण मी मागेच बसलेलंय. सगळां बघी होतंय. बोलाक तुका एवढो येळ कित्याक लागलो?”